कागदावर नसलेली फोई

बापुजींच्या बाराव्याला मी सही करायच्या तयारीनेच गेले होते, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बाई जमिनीच्या मागे लागली होती.

आमच्या चरोतरात, गुजरातेतल्या या पट्ट्यात, बाप मृत्युपत्र करत नाही. करा म्हटलं तर विचारतो, "मला मारायला निघालात का?" बापुजींनीही हेच विचारलं होतं, दोनदा. मग बाप गेला की मुलगे तलाट्याकडे जातात, वारस म्हणून सगळ्यांची नावं लागतात आणि बहिणी हक्कसोडीवर सही करून आपापलं नाव काढून घेतात. बहुतेक ठिकाणी बाराव्यालाच, कारण तेव्हा सगळ्या बहिणी पांढऱ्या साड्या नेसून एका ओळीत बसलेल्या सापडतात. सही केली की भाऊ डोक्यावर हात ठेवतो आणि माहेरचं दार उघडं राहतं. नाही केली की बंद. माझ्या बाने, म्हणजे बापुजींच्या आधीच गेलेल्या आईने, तिच्या भावांना सही दिली होती, माझ्या दोन्ही फोईंनी, म्हणजे आत्यांनी, बापुजींना दिली होती. मीही देणार होते. तंबाखूचं साडेसात बिघे रान, त्यात मी काय करणार? नडियादला माझा शिवणाचा धंदा आहे, नवरात्राआधी चणिया-चोळ्यांचं काम हातावेगळं करता करता पाठ मोडते. रान कुणाला हवंय!

तर बाराव्याला जेवणं उरकली, पाहुणे बाहेर खाटांवर लवंडले, आणि मी मोटाभाईंना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, जशुभाईला म्हटलं, "कागद काढा. कुठे सही करायची ते दाखवा. पाचची बस आहे मला."

मोटाभाई पान लावत होते. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "काही गरज नाही."

"गरज नाही म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या सहीची गरज नाही, तरु. जा तू निवांत."

धाकटा मनहर शेजारी उभा होता. तो नखाने भिंतीचा रंग खरवडत होता. मला तेव्हा वाटलं, बापुजींच्या आठवणीने गलबललाय.

आणि मी मूर्ख रडले. सगळ्या बायकांसमोर पदर तोंडाला लावून रडले. मला वाटलं, भावांनी माझा हिस्सा ठेवला. शेवटचे सात महिने मी शिवणयंत्र घेऊन माहेरी राहिले होते, बापुजींचं हगणं-मुतणं काढलं होतं, रात्री दोनदा त्यांना कुशीवर वळवलं होतं. थोरल्या कपिलाभाभीला कंबरदुखी, धाकटी जागृतीभाभी गरोदर, मग करणार कोण? वाटलं, भावांच्या डोळ्यांना ते दिसलं. बसमध्ये मी नवऱ्याला, बिपीनला, तीनदा सांगितलं. घरी येऊन सासूबाईंना ऐकवलं, "माझ्या भावांनी मला सही मागितली नाही हं." सासूबाईंच्या दोन्ही मुलींकडून बिपीनने सही घेतलेली, त्यामुळे त्यांना हे झोंबलं. मला बरंच वाटलं. शेजारच्या तीन घरांत ही बातमी मी स्वतःच्या पायांनी पोचवली.

आठ दिवस मी अशी हवेत होते. मग मला वाटलं, नाव लावायचं तर आधारकार्ड, फोटो काहीतरी लागणारच. भाऊ कामात असतील, विचारायला संकोचत असतील. आपणच नेऊन द्यावं. म्हणून एका सोमवारी मी वासणोलच्या पंचायतीत गेले. घरी न जाता थेट पंचायतीत, कारण भावांना आयतं काम झालेलं दाखवायचं होतं.

तलाटी नवी आली होती, वीस-बावीस वर्षांची पोरगी, केसांना मोठा क्लिप लावलेली. मी म्हटलं, "छोटाभाई रणछोडभाई. वारसनोंद. माझे कागद राहिलेत."

तिने रजिस्टर काढलं, बोट फिरवलं. "झालीय नोंद. पेढीनामं आलंय. दोन वारस. जशवंतभाई, मनहरभाई." मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी त्यांची मुलगी."

"मुलगी नाहीय यात."

"अगं, मी तुझ्यासमोर उभी आहे ना?"

तिने कागद माझ्याकडे फिरवला. पेढीनामं म्हणजे वंशावळ, मयताचं नाव वर आणि खाली फांद्या. वर छोटाभाई. खाली दोन फांद्या. खाली मोटाभाईंचं प्रतिज्ञापत्र: मयतास वरील दोन मुलांखेरीज अन्य कोणीही अपत्य नाही. त्याखाली तीन पंचांच्या सह्या. एक अंबालालकाकांची. माझ्या लग्नात मांडवाचे बांबू ज्यांनी रोवले ते अंबालालकाका. आणि तारीख बापुजी गेल्यानंतरच्या पाचव्या दिवसाची. म्हणजे बाराव्याला मी सही द्यायला गेले तेव्हा मला मिटवून सात दिवस झाले होते.

तलाटी पोरगी चांगली होती. तिने पाणी दिलं, खुर्ची दिली. "हरकत घेता येते तुम्हाला," ती हळू आवाजात म्हणाली. "तीस दिवस असतात. अजून दहा आहेत." मी पाणी प्यायले नाही. तिच्याच टेबलावर, तिच्याच पेनने हरकत लिहिली आणि मग घरी गेले.

मोटाभाई झोपाळ्यावर होते. कपिलाभाभी गवारी निवडत होती. मी चपला न काढता आत शिरले.

"मोटाभाई, मी कोणाची?"

"काय?"

"मी कोणाची पोर? बाने मला बाजारातून आणलं होतं का? सांगा. पंचायतीत विचारतायत."

झोपाळा थांबला. त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. पडला नाही. उलट चढला. "तू पंचायतीत कशाला मेलीस? तिथे तुझं काय काम?"

"तुमचे कागद पुरे करायला गेले होते! माझे फोटो द्यायला!"

"बघ," ते म्हणाले, "पोरीने शेवटी सही द्यायचीच असते. मग आधी नाव घाला, मग काढा, त्यासाठी पुन्हा स्टॅम्प, पुन्हा खेपा. शिवाय बिपीनकुमार तीस वर्षं पोस्टात होते, त्यांना कायदे ठाऊक. त्यांनी कान भरले असते आणि तू ऐन वेळी हात आखडला असतास, तर? आम्ही सावधपणा केला. त्यात तुझं काय गेलं?"

"मी स्वतः म्हणाले की कागद काढा!"

"आता म्हणालीस. तेव्हा कोणाला ठाऊक होतं?"

हे ऐकून माझं डोकं फिरलं. आयुष्यभर ज्याला राखी बांधली त्याला माझ्याबद्दल एवढंच ठाऊक होतं. सात महिने त्याच्या घरात त्याच्या बापाचे कपडे धुतले, तरी मी बदमाशी करेन हे त्याने धरून ठेवलं होतं.

"मग ऐका," मी म्हटलं. "हरकत दिलीय मी. लेखी."

कपिलाभाभीच्या हातातली गवारी तशीच राहिली. मोटाभाई झोपाळ्यावरून उठले. "मागे घे."

"पेढीनामं बदला, मग बघू."

"बदललं तर मी खोटं प्रतिज्ञापत्र केलं असं होईल! मला जेलात घालायचंय तुला?"

"ते लिहिताना तुमचा हात थरथरला नाही, आता का थरथरतोय?"

"तरु, या घराचा उंबरा बंद होईल तुला. तुझ्या पोरीच्या, रिद्धीच्या लग्नात मामाचा आहेर, मामेरं घेऊन कोणीही येणार नाही. मांडवात बस मग एकटी, लोकांना दाखव सातबारा."

"ज्याला बहीणच नाही तो मामा कुठून होणार? नकाच येऊ."

आतल्या खोलीतून बाळ रडायला लागलं, आणि माझा आवाज तिथेच खाली आला.

ते बाळ मनहरचं. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेलं. जागृतीच्या दवाखान्याच्या खेपांना मीच सोबत होते. बाने, म्हणजे तिच्या सासूने, होती तोवर तोंड फिरवलं होतं, नवरा दुकान सोडत नव्हता, मग अहमदाबादच्या त्या लांबलचक बाकांवर तिचा हात धरून मी बसायची. बाळ नऊ दिवसांचं असताना बापुजी गेले, सुतक लागलं, म्हणून नाव ठेवायचं राहिलं होतं. आणि आमच्यात नाव ठेवते फोई. आई नाही, बाप नाही, आजी नाही. नव्या कापडाच्या झोळीत बाळ घालतात, चार जणी चार टोकं धरतात, फोई झोळीत पिंपळाचं पान आणि सुपारी ठेवते, झुलवते आणि नाव सांगते. मनहरला सख्खी बहीण एकच. अकरा वर्षं मी या एका कामाची वाट पाहिली होती. राशीची अक्षरं काढली होती, नावही ठरवलं होतं. ते इथे सांगणार नाही.

मी आत जाऊन बाळाला उचललं. जागृती रडत होती. "बेन, मला काही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं. बाळाच्या मानेला दूध लागलं होतं, ते मी पदराने पुसलं. मागे मनहर दारात येऊन उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं?" मी त्याला विचारलं.

"मोटाभाई म्हणाले, तसंच करतात."

"मी तुला विचारलं, मोटाभाईला नाही."

त्याने पुन्हा भिंतीकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा बाप्या आणि भिंत खरवडतो.

पुढचा महिना भांडणातच गेला. मोटाभाईंनी तीन फोन केले, चौथ्यांदा मी उचलला नाही. मावशीला पाठवलं, ती म्हणाली, "बेटा, भाऊ म्हणजे भाऊ." मी म्हटलं, "मावशी, बहीण म्हणजे काय तेही त्यांना सांगून या." सासूबाई रोज सकाळी देवापाशी मोठ्याने म्हणायच्या, "सही मागितली नाही हं भावांनी." ऐकून घेतलं. चूक माझीच होती, बातमी मीच वाटली होती.

मग मामलतदार कचेरीची नोटीस आली. सुनावणी गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. आणि चार दिवसांनी जागृतीचा फोन.

"बेन, नाव ठेवायचा मुहूर्त काढलाय." तिचा आवाज बसलेला होता. "गुरुवारी. अकराला."

मी हातातली कात्री खाली ठेवली. मग विचारलं, "कोणी काढला?"

"मोटाभाईंनी महाराजांकडून काढून आणला."

सुनावणीची नोटीस मोटाभाईंनाही गेली होतीच. तारीख, वेळ, सगळं त्यांच्या खिशात होतं. वासणोल ते तालुका चौदा किलोमीटर. मी झोळीपाशी गेले तर हरकत निकालात निघणार, हरकतदार गैरहजर. कचेरीत गेले तर झोळी शारदा झुलवणार. शारदा म्हणजे आमची चुलत बहीण, बोरसदची, जिला त्या पोराचं तोंडही ठाऊक नव्हतं. फोईच्या मानाची साडी तिला आधीच पोचली होती.

बिपीन म्हणाला, "तू तिकडे जा. कागदाचं मी बघतो. वकील करू, पुढे अपील करू." माझा नवरा मवाळ माणूस आहे, कुठल्याही गोष्टीचं पुढे अपील करता येतं असं त्याला वाटतं.

"आणि झोळीपाशी उभी राहून सांगू काय? मी कोण म्हणून नाव ठेवू? मोटाभाईंनी शपथेवर लिहून दिलंय की त्याला फोई नाही."

"कागद वेगळा, माणसं वेगळी."

"त्या कागदावर सही माणसांनीच केलीय," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी मी कपाटातून हिरवी साडी काढली, बाळासाठी आणलेलं झबलं पिशवीत घातलं, मग बाहेर काढून ठेवलं, मग पुन्हा घातलं. बस स्टँडवर वासणोलची गाडी आधी लागली. कंडक्टर ओरडत होता. मी जागेवरून हलले नाही. ती गेली, मग तालुक्याची आली, तिच्यात बिपीन आणि मी चढलो.

कचेरीत मोटाभाई नव्हते, त्यांच्या घरी कार्य होतं. त्यांचे वकील होते, ठक्कर नावाचे, हसऱ्या तोंडाचे. तलाटी पोरगी होती. आणि बाकावर अंबालालकाका, काठीवर हनुवटी टेकवून. मला बघून ते म्हणाले, "ये तरु, कधी आलीस? चहा झाला?" शपथ घेऊन सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता.

मामलतदारसाहेबांनी माझा शाळेचा दाखला पाहिला, वासणोल प्राथमिक शाळा, वडिलांचं नाव छोटाभाई रणछोडभाई. मग काकांना उभं केलं.

"या बाईंना ओळखता?"

"म्हणजे काय साहेब! छोटाभाईची तरु. हिच्या लग्नाचा मांडव मी घातला."

"मग ही सही कोणाची?"

"माझीच."

"वर लिहिलंय, दोन मुलांखेरीज अपत्य नाही."

"बरोबर आहे की. सासरी दिलेल्या पोरी आमच्याकडे लिहीत नाहीत. शेवटी ती सही देऊन नाव काढतेच. मग साहेब, घालायचं कशाला? तुमचाच एक कागद वाचवला आम्ही."

कचेरीतले कारकून हसले. साहेबांनी कपाळावर हात मारला. मी हसले नाही. काका खरं बोलत होते, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. त्यांच्या हिशेबी माझं काही बिघडलंच नव्हतं. मी असले काय, नसले काय, शेवटी सही देणार, म्हणजे नसल्यासारखीच.

साहेबांनी काकांना झापलं, ठक्करांना झापलं. नोंद रद्द, पेढीनामं तीन नावांनी नव्याने करा, प्रतिज्ञापत्राचं काय करायचं ते नंतर बघतो, असं कारकुनाला सांगितलं. दहा मिनिटांत झालं सगळं. साडेअकराही वाजले नव्हते.

व्हरांड्यात आले तर ठक्कर वकील माझ्या मागोमाग. हातात टाईप केलेला कागद. "अभिनंदन बेन. आता तुमचं नाव आलं, आता कोणी मिटवू शकत नाही. एवढी एक सही करून टाका म्हणजे सगळं गोडीत." हक्कसोड. माझं नाव, वय, पत्ता, सगळं भरलेलं. "जशुभाईंनी कार्यक्रम थांबवून धरलाय तुमच्यासाठी. मुहूर्त साडेबारापर्यंत आहे. खाली गाडी उभी आहे, वीस मिनिटांत झोळीपाशी. तुमची जागा कोणाला दिलेली नाही."

खाली खरंच मोटाभाईंची पांढरी गाडी होती. ड्रायव्हरने मला बघून मागचं दारही उघडलं.

म्हणजे हे दोन्हीकडून बांधलेलं होतं. मी कचेरीत हरले तर प्रश्नच मिटला, आणि जिंकले तर गाडी उभी. मी काही बोलायच्या आत ठक्करांनी फोन लावून माझ्या हातात दिला. मागे बायकांचा गलबला, ताटं, आणि बाळाचं रडणं.

"बेन," मनहर होता. "ये ना गं. सगळे थांबलेत. सही कर आणि ये."

"बाळ का रडतंय?"

"झोळीत ठेवलंय मघापासून. तुझी वाट बघतोय आम्ही."

"मनहर, मला एक सांग. सही न करता आले तर?"

पलीकडे फोन तोंडापासून दूर गेला. मग मागून मोटाभाईंचा आवाज, काहीतरी दबक्या आवाजात.

"मोटाभाई म्हणतात की..."

"तुझं पोर आहे ते. तुला विचारतेय. सही न करता आले तर त्याची फोई मी आहे का?"

बाळ रडतच होतं. मी त्याला वेळ दिला. खरंच दिला, बिपीन साक्षीला होता. साडेसात बिघे त्या क्षणी मी कुत्र्यालाही टाकले असते. एक "हो" म्हणाला असता ना, तरी मी त्याच पायऱ्यांवर बसून सही केली असती, सगळ्याची, हसत. "हो बेन, तू ये." एवढंच बोलायचं होतं.

"बेन, आज नको ना ताणू," मनहर म्हणाला. "तू सही करून टाक, मग सगळं तुझंच आहे."

मी फोन ठक्करांच्या हातात दिला. "त्यांना सांगा, शारदाकडून नाव ठेवून घ्या. पोराला किती वेळ टांगून ठेवाल?"

"आणि हा कागद, बेन?"

"तुमच्याकडेच ठेवा. माझ्या भावांना मी देणार होते. त्यांनी मला मागितलाच नव्हता."

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. अंबालालकाका मागून हाका मारत होते, त्याच पांढऱ्या गाडीत बसून वासणोलला जेवायला निघाले होते, म्हणाले, चल, सोडतो. मी मागे वळून पाहिलं नाही.

नडियादची बस लागायची होती. बिपीनने शेंगदाणे घेतले, मी खाल्ले नाहीत. बारा वीसच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. माहेरच्या ग्रुपवर फोटो आला होता. मला त्या ग्रुपमधून मोटाभाईंनी महिन्यापूर्वीच काढलं होतं, बिपीनला काढायचं विसरले होते. त्याने चष्मा वर करून वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

"तरु, नाव ठेवलं बघ." त्याने फोन माझ्यासमोर धरला.

मी तळहात ठेवून पडदा झाकला.

"बघणार नाहीस?"

"फोईला नाव फोनवरून कळतं का कधी?"

"मग कसं कळणार तुला?"

मी झबल्याची पिशवी उचलली. बस लागली. बिपीनने फोन खिशात घातला आणि तेव्हापासून, आज सात महिने झाले, तो माझ्यासमोर त्या पोराला नुसतं "मनहरचा" म्हणतो.